पापणीवरचं शेत

आमच्या घरात दिवसभर तांब्याची तार फिरत असायची. मस्तगड भागात खाली दादाचं दुकान आणि वर आम्ही. जळालेल्या पाण्याच्या मोटारी लोक बैलगाडीतून, जीपच्या टपावरून घेऊन यायचे. दादा आणि त्याचे कारागीर रहीमचाचा आतली करपलेली तार खरवडून काढायचे आणि नवी तार वेढे मोजत भरायचे. हाताने फिरवायच्या यंत्राचा कर्र कर्र आवाज जिन्यातून वर यायचा, आणि तो थांबला की आई चुलीपुढून ओरडायची, "काय झालं रे?" काहीच झालेलं नसायचं. चाचा पान लावत असायचे. तारेवर व्हार्निश चढवून मोटारी सुकायला ठेवत, त्याचा गोडसर, डोकं धरणारा वास आमच्या भाकरीला, ठेच्याला, अंथरुणाला, सगळ्याला लागलेला होता. लग्न होऊन घनसावंगीला गेल्यावर माझ्या साड्यांना तिथेही सहा महिने तो वास येत राहिला आणि सासूबाई तोंड वाकडं करीत राहिल्या. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि मी, इतकीच माणसं. कोणी जोरात भांडलं तर बोलायला दुसरं कोणी उरत नसे.

ज्या चार महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे, त्या काळात वहिनीला पलंगावरून उठायची बंदी होती. आधी दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळ हवं असेल तर पाठ टेकून राहायचं, बिलकुल उठायचं नाही. दादाने पलंगाच्या पायथ्याकडे दोन-दोन विटा घातल्या, त्यामुळे वहिनीचे पाय वर आणि डोकं खाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिच्या माहेरचा, पिंपळगाव रेणुकाईचा रस्ता तेव्हा असा होता की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत. त्यामुळे तेही राहिलं. वहिनी शेतकऱ्याची पोर. खुरपं हातात धरून मोठी झालेली, बसून राहायची सवय नाही, आणि आता आडवी पडून छताचे पत्रे मोजायचे. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते, म्हणून तिच्याजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला "वैनी" म्हणायचे, ती मला "ताई". ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी होती तरी नणंद ती नणंद, म्हणून मला अहो-जाहो करायची. मला ते फार आवडायचं. त्या वयात आपल्याला अहो-जाहो करणारं दुसरं कोण असतं?

एकदा दादा तार आणायला औरंगाबादला गेला आणि येताना एक खोका घेऊन आला. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. वहिनीचा वेळ जावा म्हणून. आई म्हणाली, "अरे, हिला पोथी आणून द्यायची सोडून हे काय खेळणं आणलंस?" दादा खाली जाऊन वायर घेऊन आला. खोक्यात एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर गालांवर गुलाबी ठिपके असलेला मुळा हात हलवत होता. कॅसेट आत ठोकली की टीव्हीवर शेत यायचं. चौकोनी, हिरवंगार, वर हसरा सूर्य. मुळे, वांगी, भोपळे, सगळ्यांना डोळे. पाणी दिलं की ते डोळे मिचकावायचे आणि गाणं लागायचं, टिंग टिंग करत जाणारं. एक गाय होती, ती हाक मारली की नाचत यायची. वहिनी पहिल्यांदा पाहून इतकी हसली की आईने धावत येऊन तिच्या पोटावर हात ठेवला.

त्या यंत्राला कशाची आठवण राहत नसे. बंद केलं की शेत गेलं, पुन्हा उजाड माळापासून सुरुवात. आणि आमच्याकडे लाइट तर दिवसातून दोनदा जायची. तिसऱ्यांदा शेत गेल्यावर वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा दादाने दुकानातली एक बॅटरी वर आणून जोडून दिली. "आता लाइट गेली तरी यंत्र चालू राहील. टीव्ही तेवढा बंद व्हईल," तो म्हणाला. त्या दिवसापासून ते यंत्र आम्ही बंद केलंच नाही. टीव्ही बंद केला तरी ते त्याच्याखाली चालू असायचं, त्याच्यावर आई एक ओलसर फडकं टाकून ठेवायची, गरम होऊ नये म्हणून. म्हणजे आमचं शेत आम्ही पाहत नसतानाही तिथे होतंच.

शेतात एक विहीर होती. त्या विहिरीतून रोज एक गोल, पांढरा, इवलासा जीव डोकं काढायचा. दोन मोठे डोळे, तोंड म्हणजे एक रेघ. तो म्हणायचा, "मला भूक लागली. देशील?" खाली दोन शब्द यायचे, हो आणि नाही. गेममधली सगळी अक्षरं इंग्रजी, तीही मोडकीतोडकी, आणि वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचून सांगायचं काम माझं. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे. वहिनीने त्या जिवाचं नाव पाहुणा ठेवलं. मी एकदा सहज 'नाही'वर बोट नेलं तर ती ताडकन म्हणाली, "अहो ताई, काय करून राह्यल्या? दारी आलेल्याला न्हाई म्हनत असतेत का?" मग आम्ही त्याला एक मुळा दिला. तो आनंदाने गोल फिरला आणि विहिरीत गेला. दुसऱ्या दिवशी वांगं. मग दूध. आम्ही एकदाही 'नाही' दाबलं नाही. वहिनीच्या माहेरी पंगतीतून उठून जाणाऱ्यालासुद्धा परत बसवायचे. भुकेल्याला परत पाठवायचं, ही गोष्टच तिच्या डोक्यात बसणारी नव्हती.

दुसरी सवय खुरपणीची. काही दिवसांनी शेताच्या एका कोपऱ्यात काळी, ताठ, वाकडी पाती उगवायला लागली. पिकाला त्यांचा काही त्रास नव्हता, गेममध्ये ती काढायची गरजही नव्हती. पण वहिनीला तण दिसलं की चैन पडेना. "उपटा ते आधी, ताई. तण ठेवलं की पीक जळतं." मी एकेक पात उपटायचे. उपटली की जमीन जराशी हलायची, टीव्हीच हलल्यासारखी. आम्हाला वाटायचं, गेम चांगला बनवलाय. दुसऱ्या दिवशी तीच पाती पुन्हा, एका ओळीत, किंचित कमानीत. पलीकडच्या बांधालाही तशीच कमान.

हळूहळू पाहुण्याची भूक वाढली. त्याने कोंबडी मागितली. कोंबडीला वहिनीने नाव ठेवलं होतं, तरी आम्ही दिली, कारण आता नाही कसं म्हणायचं? त्या दिवशी गाण्यातला एक सूर गेला. मला आधी वाटलं टीव्ही बिघडला. मग बदकं गेली, आणखी एक सूर गेला. सूर्य हसतच होता, पण एका सकाळी पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले. तोंड हसरं आणि डोळे मिटलेले. वांगी हात हलवत होती, पण सगळी एकाच दिशेने पाहत होती, विहिरीकडे. भर दुपारी आभाळात चांदण्या दिसायला लागल्या, आणि त्या आपल्या चांदण्यांसारख्या लुकलुकत नव्हत्या, सरकत होत्या. आणि हे सगळं इतकं गोजिरवाणं, गुलाबी गालांचं, की भीती वाटली तर आपलीच लाज वाटावी. मी दुकानात जाऊन चाचांना सांगितलं. ते तार गुंडाळत म्हणाले, "बेटी, खेल है. डर लगता है तो बंद कर दे, जल्दी." एवढं सोपं होतं. पण बंद केलं तर वहिनीचं शेत जाणार होतं.

मग एका दुपारी पाहुणा बोलला. वहिनीचा डोळा लागला होता, आई खाली पाणी भरत होती. टँकर आला होता, घागरींचा आवाज येत होता. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं आणि मी शब्दकोशात शोधत गेले. त्याने सांगितलं की तुमचं शेत माझ्या पापणीवर आहे. तुम्ही माझ्या पापणीचे केस उपटता. मी झोपलो आहे आणि माझी झोप पातळ होत चालली आहे. मला जाग आली तर मी कूस बदलेन, आणि मला तुमचा राग नाही, मला तुम्ही दिसतसुद्धा नाही. ती शेवटची ओळ मला शब्दाला शब्द पाठ आहे. वहिनीने डोळे उघडून विचारलं, "काय म्हनतोय पाहुना?" मी म्हणाले, "पाऊस येणार म्हणतोय." खोटं भाषांतर करायला मी त्या दुपारी शिकले. ते इतकं सहज जमलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता माझी पन्नाशी उलटून गेली आहे आणि दादाची मुलगी प्राजू मला सांगते की असे गेम आता पुष्कळ असतात. वरून ससे, टोप्या, केक, आणि आत काहीतरी असं की ज्याच्यापुढे माणूस म्हणजे मुंगीही नाही. लोक मुद्दाम शोधून खेळतात, एकमेकांना घाबरवतात, मजा येते म्हणे. मी तिला विचारलं, बनवणाऱ्यांना असं का वाटत असेल? ती म्हणाली, "आत्या, फक्त गोडच दाखवलं तर खोटं वाटतं ना." पोरगी हुशार आहे. तिने असंही सांगितलं की अशा गेममध्ये मागणाऱ्याला बहुतेक लोक दोन-चार दिवस दिलं की नंतर 'नाही' म्हणतात, आणि मग गेम साधा शेतीचाच राहतो. आतलं त्यांना कधी दिसतच नाही. म्हणजे आम्हालाच दिसलं, कारण आम्हाला नाही म्हणता येत नव्हतं. संस्कार म्हणतात तो हाच का, हे मी तिला विचारलं नाही.

नावाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी पाळण्यात घालायचं, आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी त्याच वेळी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे. तोपर्यंत ते नाव कोणालाही सांगायचं नाही, तोंडातून काढायचं नाही, कागदावर लिहायचं नाही. दृष्ट लागते. मी वहिनीचे दिवस कळल्यापासून एक नाव मनात धरून ठेवलं होतं. मुलगा झाला तर. ते मी आंघोळ करताना मनात म्हणायचे, झोपताना म्हणायचे. वहिनी चिडवायची, "सांगा की ताई, नुस्तं पहिलं अक्षर सांगा." मी तोंडाला कुलूप लावल्यासारखी गप्प. सगळ्या आयुष्यात मला एवढं महत्त्वाचं काम कोणी दिलं नव्हतं.

सातवा महिना लागला होता. गेममधली गाय गाभण राहिली. आम्ही दोघी खूश झालो, वहिनीने तर आपल्या पोटावर थाप मारून बाळाला सांगितलं की तुला दूध आलं बरं का. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी झोपली असताना पाहुणा वर आला आणि म्हणाला, "जे अजून आलं नाही, त्याचं नाव दे." आणि खाली सहा अक्षरांची रिकामी जागा आली. मला वाटलं, वासराचं नाव विचारतोय. खरंच तसं वाटलं का? इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारून विचारून थकले. वासराला वाटेल ते नाव देता आलं असतं. पण मला ते नाव एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. बोलायचं नाही, कागदावर लिहायचं नाही, असा नियम. मग हे ना बोलणं, ना लिहिणं, ना कागद, ना शाई. पळवाट काढण्यात आमच्या घरात माझा हात कोणी धरला नसता. मी एकेक बटण दाबून ते नाव लिहिलं. पाच अक्षरं झाली, एक जागा उरली. किती सुंदर दिसलं ते. मी हसले सुद्धा. पाहुण्याने ते वाचल्यासारखे डोळे फिरवले, आणि अक्षरं एकेक करून विहिरीत गेली. मग पडद्यावर आलं, "गोड आहे." दुसऱ्या दिवशी गायीचं पोट सपाट होतं आणि वासरू कुठेच नव्हतं. वहिनी म्हणाली, "अगं बाई, गेलं का काय?" मी म्हणाले, "न्हाई वैनी, गोठ्यात हाय, दिसत न्हाई."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वहिनीला कळा सुरू झाल्या.

सरकारी नव्हे, खासगी दवाखाना होता, तरी काचेची पेटी एकच होती. त्यात बाळ ठेवलं. मुलगा. माझ्या तळहाताएवढा त्याचा चेहरा आणि कपाळावर आठ्या, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुणी अवेळी उठवलं तशा. आईने पाचवीची पूजा घरी एकटीनेच केली. सटवाईपुढे कोरा कागद आणि टाक ठेवला, पण ज्याच्या कपाळी लिहायचं तो दवाखान्यात काचेत. मी रोज डबा घेऊन जायचे, भाकरी दुधात कुस्करलेली, आणि काचेबाहेर उभी राहायचे. तोंड घट्ट मिटून. मला वाटायचं, मी तोंड उघडलं तर ते नाव बाहेर पडेल आणि पाहुण्याला पत्ता कळेल. हसू नका. मी सतरा वर्षांची होते, बारावी शास्त्र शाखा, आणि मला हे पक्कं, बराबर माहीत होतं की ते नाव आता माझं उरलेलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी तो गेला. बाराव्याला तीन दिवस कमी.

एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. दादा आणि चाचा दवाखान्याच्या जिन्यात उभे होते. दादाच्या हातात आईचं जुनं मऊ लुगडं फाडून केलेलं दुपटं होतं. नर्सबाईंनी बाळ आणून वहिनीजवळ दिलं, पाच मिनिटं, म्हणाल्या. वहिनी रडत नव्हती. तिचं दूध उतरलं होतं, पोलकं भिजलं होतं, त्याचीही तिला शुद्ध नव्हती. तिने त्याची करंगळी धरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, काय नाव काढलं व्हतं तुम्ही?"

मी डब्याचं झाकण घट्ट लावत राहिले.

"सांगा ना. आता कशाची दृष्ट लागायची? एकदा हाक मारते, मंग नेऊ द्या त्यांना."

आई दारात होती. तीही म्हणाली, "सांग गं छाये. तिच्या मनाचं समाधान व्हईल."

नाव माझ्या जिभेवर होतं. खरं सांगते, जिभेवर होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पाच अक्षरं विहिरीत जाताना दिसत होती. मला वाटलं, मी ते बोलले आणि वहिनीने त्या नावाने हाक मारली तर आत्तापर्यंत अर्धाच गेलेला हा पुरता जाईल, मातीतूनही जाईल. आणि त्याहून खरी भीती अशी की, ती विचारेल, ताई, हे नाव तुम्ही आधी कुठं काढलं तर नव्हतं? मी मेलेल्या बाळापेक्षा स्वतःसाठीच जास्त भ्याले. मी म्हणाले, "काहीच ठरवलं न्हवतं, वैनी. बाराव्याला ठरवणार व्हते."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली आणि करंगळी सोडली. दादा त्याला घेऊन गेला. हाक न ऐकताच गेला तो.

त्या दिवशी दुपारी मी घरी आले तर यंत्र चालूच होतं. फडकं बाजूला करून टीव्ही लावला. शेत नव्हतं. पडदाभर एक डोळा होता, उघडा, लांब काळ्या पापण्यांचा, गेममधल्या सगळ्या डोळ्यांसारखाच गोंडस. सूर एकच उरलेला, तो वाजत होता. मी त्याच्यापुढे उभी राहून त्याला शिव्या दिल्या, चाचांच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या डोक्यावरून, भिंतीतून, मस्तगडावरून पलीकडे कुठेतरी पाहत होता. त्याने आमचं वाईट केलं नव्हतं, त्याला आम्ही माहीतच नव्हतो, आणि मला त्या क्षणी वैरी मिळाला असता तर फार बरं वाटलं असतं. मी वायर उपटली. दादा रात्री आला तेव्हा त्याने तो खोका खाली नेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दुकानात त्याने कॅसेट फोडून पाहिली होती. आत हिरव्या पट्टीवर डांबराचा पडावा तसा एक काळा ठिपका, बाकी मोकळी जागा. "यात काय बी न्हाई," दादा म्हणाला, "एवढासा ठिपका हाय." त्याने तो नखाने उकरायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही.

डिंक आणि खोबरं आईने आधीच आणून ठेवलं होतं. तिने लाडू वळले आणि वहिनीला रोज एक बळेच खायला लावला. बाळ नसलं तरी बाळंतीण बाळंतीणच, म्हणायची. वहिनी लाडू हातात धरून खिडकीत बसायची आणि मी तिच्याजवळ जायचं टाळायला लागले. पुढे प्राजू झाली. तिच्या बाराव्याला मी घनसावंगीहून आलेच नाही, ताप आला म्हणून कळवलं. चुलत आत्याने नाव ठेवलं. वहिनीने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, पण त्यानंतर ती मला पत्रात "ताई" लिहायची थांबली, "छायाताई" लिहू लागली. एवढ्याशा फरकाचं काय ते मला कळत होतं. माझ्या दोन मुलांनंतर, मुंजी-लग्नांनंतर, आईच्या दहाव्यालासुद्धा मी वहिनीबरोबर एकटी कधी बसले नाही.

गेल्या दिवाळीनंतर बसले. दादाने दुकान आता बंद केलंय, हात थरथरतात. प्राजू माहेरी आली होती आणि आम्हा दोघींना मोबाइलवर तिचा नवीन गेम दाखवत होती. गोल गोल भाज्या, हसरा ढग. मी नजर खिडकीकडे वळवली. वहिनी मात्र चष्मा पुसून बघत बसली आणि हसली. इतकी हसली की मला पलंगाखालच्या विटा दिसल्या. "ताई," ती म्हणाली, "तसाच व्हता ना आपला? त्या पाहुन्याला किती भूक लागायची बघा. त्या चार महिन्यांत मी जेवढी हसले तेवढी पुन्हा न्हाई. पोटात तो बी हसायचा, लाथा मारायचा, गानं लागलं की." प्राजू चहा ठेवायला आत गेली. मी बसून राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की ते शेत आम्हा दोघींच्या अंगावरून गेलं. तिच्याकडे ते अजून हिरवं होतं. अंधार तिला मी कधी वाचूनच दाखवला नव्हता.

मग मी सांगितलं. पापणी, पाती, चांदण्या, सहा अक्षरांची जागा. वासराचं खोटं. दवाखान्यातलं खोटं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर उठून गेले असते. वहिनीने ऐकून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू कडक झाला. मला वाटलं आता ती म्हणेल, पोर व्हत्या तुम्ही, जाऊ द्या. तसं म्हणाली नाही.

"त्या पाहुन्यानं नेलं का न्हाई ते देव जाने," ती म्हणाली. "मला न्हाई वाटत. दिवसच कमी व्हते लेकराचे. पण इतकी वर्षं त्याचं नाव माझ्यापासून लपवलं कुनी, ताई? तुम्हीच ना? मी त्याला कधी बाळ म्हनले, कधी सोन्या. सपनात येतो तर मला हाक मारायची पंचाईत. तो पाठमोरा असतो आन मला नाव म्हाईत न्हाई."

मी तिचे पाय धरले. तिने माझे हात बाजूला केले, जरा जोरानेच.

"पाया पडून काय व्हतंय? सांगा आता."

ती पाच अक्षरं आपल्या लिपीत तीनच होतात. मी सांगितलं. "केदार."

आवाज इतका घोगरा निघाला की तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. जमीन हलली नाही. आतून कपांचा आवाज येत होता. वहिनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होती. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली. खाली बंद दुकान, पलीकडे गल्लीत पोरांचं क्रिकेट चाललेलं. कठड्याला धरून ती वाकली आणि घरातल्या बायका संध्याकाळी देतात त्या आवाजात म्हणाली, "केदार! चल वर, ताट वाढलंय!"

खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने वर पाहिलं आणि पुन्हा खेळायला लागला. वहिनी माझ्याकडे वळली. "बराबर वाटतं का?"

"बराबर वाटतं," मी म्हणाले.

ती पुन्हा वाकली आणि अजून एकदा हाक मारली, या वेळी जरा रागावून, उशीर करणाऱ्या मुलाला हाक मारतात तशी.